कादंबरीला सातबारा लागत नाही

पुढची कादंबरी कोणती घ्यायची, या एका प्रश्नावर आमच्या वाचक मंडळाच्या सलग दोन बैठका वाया गेल्या. तिसऱ्या बैठकीआधी मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्यांनी दोन पानांचं टिपण लिहिलं आणि त्याच्या झेरॉक्स घरोघर पोचवल्या. ज्येष्ठ म्हणजे आमचे सर. धाराशिवात अर्ध्या गावाला त्यांनी मराठी शिकवलंय, मलाही. अक्षर अजून तसंच, मोत्याचं. खाली डाव्या कोपऱ्यात ओळ आहे : ‘मतभेद असल्यास लेखी कळवावेत.’ सर, मतभेद आहे. लेखी कळवते.

टिपणाचा गाभा असा. आपण दुष्काळी जिल्ह्यातले वाचक, तेव्हा आपण आपल्या मातीची कादंबरी वाचावी. शहरातल्या फ्लॅटमधली घुसमट, परदेशातलं एकटेपण, बाईच्या मनातली उलघाल हे ज्यांना परवडतं त्यांनी वाचावं. मातीच्या दोन-तीन कादंबऱ्या समोर आल्या तर जिला पुरस्कार आहे ती घ्यावी. तरी पेच राहिला तर हात वर करून बहुमत घ्यावं. आणि वादग्रस्त काही नको, मंडळात बाया-माणसं, पोरं-पोरी एकत्र बसतात.

सरांनी हे कळकळीनं लिहिलंय, याबद्दल मला शंका नाही. आयुष्यभर पाठ्यपुस्तकात पुण्या-मुंबईची मराठी शिकवावी लागली, पोरांच्या तोंडची मराठी लाल शाईनं खोडावी लागली, त्याचं शल्य त्या टिपणाच्या ओळीओळीत आहे. तरीही त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मला चुकीचं वाटतं. आणि शल्य खरं आहे म्हणून निष्कर्षही खरा, असं होत नाही.

आधी मागच्या वर्षीची ‘बारोमास’ची बैठक आठवा. सदानंद देशमुखांची कादंबरी, बुलढाण्याकडची, २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार. विदर्भातली असूनही सरांनीच तिला ‘आपली’ म्हणून पुढं केलं, कारण तिच्यात शेती आहे. निवड उत्तमच होती. बैठक सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणालं, ‘एकनाथाची गोष्ट म्हणजे माझ्या चुलत भावाची गोष्ट.’ झालं. तिथून सोयाबीनचा भाव, मग पीकविमा, मग गेल्या वर्षीचा मंजूर झालेला आणि खात्यावर न आलेला विमा, मग सोसायटीचं कर्ज, मग अमक्या गावात विहिरीचं पैसं कुणी खाल्लं. दोन तास. चहा दोनदा झाला. कादंबरी मधल्या टेबलावर पालथी पडून होती, तिच्यावर कुणीतरी बश्या ठेवल्या होत्या.

उठताना दारात चपला शोधता शोधता आमच्यातली एक बाई, एरवी फार न बोलणारी, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘अलकाचं काय चुकलं, ते कुणी बोललंच नाही की.’ अलका म्हणजे एकनाथाची बायको. शिकलेला नवरा बघून दिलेली, आणि मग त्या घरात, त्या कर्जात, त्या वादावादीत रुतलेली. हा प्रश्न त्या कादंबरीचा होता. सोयाबीनचा भाव कादंबरीचा नव्हता, तो बाजार समितीचा होता. दोन तासांत कादंबरीबद्दल जे एकमेव वाक्य बोललं गेलं, ते चपला घालताना बोललं गेलं.

मातीच्या निकषानं असं होतं. विषय बघून पुस्तक निवडलं की चर्चा विषयावर जाते. त्या विषयाबद्दल आपल्याला आधीच सगळं ठाऊक असतं, मग पुस्तकाला बोलायला जागाच उरत नाही. त्याचा पुरावा होतो. कोर्टात साक्षीदाराला जितकं विचारलं तितकंच त्यानं सांगायचं, तसं आपण कादंबरीला विचारतो : दुष्काळ आहे ना? आहे. कर्ज आहे ना? आहे. बसा खाली.

आणि ‘आपली माती’ म्हणजे नेमकी कुणाची, सर? तुमच्या टिपणात ती एकच आहे : काळी, कोरडवाहू, मराठा-कुणब्याची, मराठी बोलणारी. जरा जिल्ह्यात फिरून या. उमरग्याच्या पुढं सीमेवर गेलात की घरात कानडी आणि बाजारात मराठी. नळदुर्गात, परंड्यात कित्येक घरांत दखनी बोलतात आणि त्या दखनीत ‘कायकू’ जितका आहे तितकाच ‘कशाला’ही आहे. तुळजापूर-नळदुर्ग पट्ट्यातल्या तांड्यांवर गोरमाटी. पालावर राहणाऱ्यांची बोली तर आपल्यातल्या कुणालाच कळत नाही, आणि ती कळू नये म्हणूनच काही अंशी घडलेली आहे. १९४८पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. आपल्या आजोबांची शाळा उर्दूत झाली, दप्तर उर्दूत होतं. यातली कोणती माती आपली म्हणायची आणि कोणती शेजाऱ्याची?

एवढं कशाला, जिल्हा तरी एका जागी कुठं राहिलाय? रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ची. त्यांचं गाव काटगाव आज लातूर जिल्ह्यात. पण लातूर जिल्हा झाला १९८२ साली, उस्मानाबादमधून फुटून. म्हणजे ‘पाचोळा’ छापून आली तेव्हा बोराडे आपल्याच जिल्ह्याचे आणि अकरा वर्षांनी परजिल्ह्याचे? २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं. कादंबरीतली एक वेलांटीही त्यानं हलली नाही. सातबाऱ्यावर फेर ओढला जातो, कादंबरीवर ओढता येत नाही.

आता सरांचाच निकष मी शेवटापर्यंत नेते. जी कादंबरी अस्सल या जिल्ह्यात घडते, जिच्यात तुळजापूरचं देऊळ आहे, नळदुर्गचा किल्ला आहे, जी इथं राहून, इथल्या लोकांशी बोलून सुचलेली आहे, ती घ्यायची असेल तर पहिला मान कुणाचा? एका साहेबाचा. १८५३च्या तहानं निजामानं नळदुर्गचा भाग इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा त्याचा कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला. १८५७पर्यंत तो इथं होता. पुढं १८६०मध्ये हा भाग निजामाकडे परत गेला आणि १८६३ला टेलरची ‘तारा’ प्रसिद्ध झाली. नायिका तुळजापूरच्या शास्त्रीबुवांची मुलगी, कोवळ्या वयात विधवा झालेली. काळ शिवाजी महाराजांचा. नायक कोण? अफजलखानाचा मुलगा.

सर, हिच्यासाठी हात वर कराल? नाही करणार. मीही नाही करणार, पण माझं कारण वेगळं आहे : ती इंग्रजीत आहे, जुन्या धाटणीची आहे, लांबच लांब आहे, आणि साहेबाच्या डोळ्यांनी आपल्याकडे बघताना मला अवघडल्यासारखं होतं. तुमचं कारण मात्र तुम्हालाच सांगावं लागेल, कारण माती तर शंभर नंबरी आपली आहे. देवळाच्या पायऱ्यासुद्धा त्याच. म्हणजे तुम्हाला माती पुरत नाही; त्या मातीबद्दल तुम्हाला आधीपासून जे वाटतं तेच सांगणारं पुस्तक हवंय. तसं स्पष्ट म्हटलं असतं तर हा लेख निम्म्यात आटोपला असता.

इथं सरांची बाजू मी स्वतःच मांडते, नाहीतर पोरीनं गुरूवर कुरघोडी केली म्हणतील. मराठवाड्याला मराठी साहित्यात जागा भांडून घ्यावी लागली. निजामाच्या राज्यात मराठी वाचनालय चालवणं हेच धाडस होतं. १९४३ साली निजाम राज्याच्या मराठी साहित्य परिषदेची सुरुवात झाली, ती आजची मराठवाडा साहित्य परिषद. त्यानंतरही कित्येक वर्षं आपली बोली म्हणजे नाटकातल्या गड्याची बोली. भास्कर चंदनशिव आपल्या कळंब तालुक्यातले. त्यांची ‘लाल चिखल’ शाळेच्या पुस्तकात वाचली तेव्हा पहिल्यांदा कळलं की बाजारात टोमॅटो मातीमोल होणं ही छापण्यासारखी गोष्ट आहे. तो धक्का मी विसरलेले नाही. तेव्हा आपल्यांचं आपण वाचलं नाही तर कोण वाचणार, हे सरांचं म्हणणं मला पोटातून पटतं.

पटत नाही ते पुढचं. आपल्यांना वाचायचं तर नीट वाचा ना. ‘पाचोळा’ घ्या. शिंप्याच्या घरातली गोष्ट. सरांच्या यादीत ती ‘ग्रामीण दारिद्र्य’ या मथळ्याखाली आहे. पण बोराड्यांनी ती सांगायला लावली शिंप्याच्या बायकोला, तिच्या बोलीत. घराची वाताहत आपण बघतो ती नवऱ्याच्या नजरेनं नाही, लेखकाच्याही नाही. जिला कुठल्याही निर्णयात कुणी विचारलं नाही तिच्या तोंडून ऐकतो. मग प्रश्न सुरू होतात. ती सांगते ते सगळं खरं धरायचं का? नवऱ्याच्या हट्टाला ती दोष देते की त्याचा अभिमान बाळगते, की दोन्ही एकाच वाक्यात? एका पुरुष लेखकानं बाईचा आवाज घेतला, तो कुठं फसला का? यातल्या एकेका प्रश्नावर तासभर भांडता येईल. ‘ग्रामीण दारिद्र्य’ म्हटलं की पाच मिनिटांत सगळ्यांचं एकमत. म्हणजे मातीच्या नावानं घेतल्यामुळं ‘पाचोळा’चंच नुकसान. उमरग्याचे बालाजी मदन इंगळे यांची ‘झिम पोरी झिम’ हीसुद्धा माझ्या मते अशीच, आपल्या बोलीसाठी आणि पोरींच्या जगासाठी वाचायची. ‘स्थानिक लेखकाला प्रोत्साहन’ म्हणून वाचायची नाही. प्रोत्साहन शाळेतल्या पोरांना देतात. लेखकाला वाचक लागतो, तोही भांडखोर.

माझा निकष असा, एका ओळीत : जी कादंबरी वाचून आमच्या बारा जणांची किमान तीन मतं होतील, ती घ्यावी. ती शेतीची असो, फ्लॅटची असो, नाहीतर आफ्रिकेतली. एकट्यानं वाचायला कोणतीही कादंबरी चालते; रडायला, झोप यायला, प्रवासात वेळ घालवायला. एकत्र वाचायचं म्हणजे दुसऱ्याला त्याच पानात काय दिसलं ते ऐकायचं. सगळ्यांना तेच दिसणार असेल तर बारा प्रती कशाला? एक पुरे, आणि बैठकही नको.

पुरस्काराबद्दल फार शाई घालवत नाही. ‘बनगरवाडी’ १९५५ची. माडगूळकरांना साहित्य अकादमी मिळालं ते जवळजवळ तीस वर्षांनी, ‘सत्तांतर’ला. नेमाड्यांना मिळालं ते ‘टीकास्वयंवर’ या समीक्षेच्या पुस्तकाला, ‘कोसला’ला नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ला नाही, कमल देसाईंच्या ‘काळा सूर्य’ला नाही. उलट नंदा खरे यांच्या ‘उद्या’ला २०२०चा पुरस्कार जाहीर झाला तर त्यांनी तो घेतलाच नाही. आता सरांच्या नियमानं ‘उद्या’ पात्र की अपात्र? समितीतल्या तीन माणसांना त्या वर्षी काय भावलं ते पुरस्कारातून कळतं. आपल्याला काय बोलतं करील, ते त्यांना कुठून कळणार?

बहुमताचंही तसंच. हात वर करायला लावले की दरवेळी ‘मृत्युंजय’, ‘ययाति’ किंवा ‘स्वामी’ निवडून येते, हे आपण दोनदा पाहिलंय. सगळ्यांनी विशीत वाचलेली असते, तेव्हा आवडलेली असते, आणि पुन्हा वाचायची नसते. नुसती आठवायची असते. (पंचावन्नाव्या वर्षी ‘ययाति’ खरोखर पुन्हा वाचायला घेतली तर मी हात वर करीन. विशीतला वाचक ययातीला शिव्या देतो. पंचावन्नचा वाचक काय देतो ते मला ऐकायचंय. पण ते कुणाला नको असतं.) बहुमतानं निवडलेली कादंबरी म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं वांग्याचं भरीत, कुणाला नको नसतं आणि कुणी पुन्हा मागत नाही.

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर अमेरिकेत सिअॅटल शहरानं १९९८ साली ‘सगळ्या शहरानं एकच पुस्तक वाचायचं’ असा उपक्रम काढला. तिथल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांची कल्पना. लोण पसरलं. २००२ साली न्यूयॉर्कनं करायला घेतलं आणि तिथं निवड समितीतच फूट पडली. एका गटाला एका कोरियन-अमेरिकन लेखकाची कादंबरी हवी, दुसऱ्याला एका कृष्णवर्णीय लेखकाचं आपल्या गोऱ्या आईविषयीचं पुस्तक हवं. कुणाला कोण दुखावेल याची इतकी काळजी झाली की शहरानं एक पुस्तक म्हणून काही वाचलंच नाही. सरांना वाटेल, बघा, म्हणूनच वाद टाळावा. मला उलटं दिसतं. ते पुस्तकावर भांडले नाहीत, पुस्तक वाचायच्या आधी भांडले. कुठल्या समाजाला काय वाटेल यावर भांडले. आपणही तेच करतोय, फक्त आपलं शहर लहान आहे.

म्हणून ‘वादग्रस्त नको’ या वाक्यावर जरा थांबते, कारण ते आपल्या गावाला शोभत नाही. १० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथंच झालं. गावात तेव्हा पाणी किती दिवसांनी येत होतं ते आठवत असेल. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी आरडाओरड केली. उद्‌घाटक ना. धों. महानोरांनी येऊ नये म्हणूनही दबाव आला. महानोर आले. दिब्रिटो आले, पाठीच्या दुखण्यासकट. मंडपाला नाव तेरच्या गोरोबाकाकांचं. लोक लोटले. त्या मंडपात धूळ खात आपण हिंडलो, सर, तुम्हीही होतात, पुस्तकांची पिशवी माझ्या हातात दिली होतीत. ज्या गावानं तेव्हा अध्यक्षाला पाठीशी घातलं, त्या गावातल्या बारा माणसांनी बंद खोलीत एका कादंबरीला भ्यावं?

आणि ‘बाया-माणसं एकत्र बसतात’ ही अडचण नेमकी कुणाची, हेही एकदा विचारून घ्या. मंडळात आम्ही पाच जणी आहोत. आमच्यापैकी कुणीही तक्रार केलेली मला आठवत नाही. आम्हाला अवघडतं ते पुस्तकातल्या प्रसंगानं नाही. तो प्रसंग आला की तुम्ही लोक खिडकीतून बाहेर बघायला लागता, त्यानं अवघडतं.

नुसता विरोध करून लिहायचं थांबवलं तर सर म्हणतील, नाव सांग. सांगते. माझी सूचना विभावरी शिरूरकर यांच्या ‘बळी’ची आहे.

विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा एवढी खळबळ उडाली की हे लिहिणारी खरंच बाई आहे की बाईच्या नावाआडचा पुरुष, यावर कित्येक वर्षं पैजा लागत होत्या. ‘बळी’ १९५०ची, आणि तिच्यातली वस्ती आपल्यापासून सत्तर किलोमीटरवर आहे. सोलापूरला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती केल्या, दिवसातून ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायला परवानगी. त्यातली मोठी वसाहत सोलापुरात. मालतीबाई तिथं बायका-मुलांच्या शिक्षणाच्या कामावर होत्या. कुंपणाच्या आत त्यांनी जे पाहिलं त्यातून मांग-गारुडी समाजाची ही कादंबरी झाली. देशभरातून हा कायदा रद्द झाला तो कादंबरी आल्यानंतर, १९५२मध्ये. सोलापुरात त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात. आपल्यातले निम्मे लोक त्यावरून दवाखान्याला जातात.

सरांचे आक्षेप मला आत्ताच ऐकू येतात. पहिला : पुण्याची बाई, पांढरपेशी, तिला पालावरचं काय कळणार? अगदी बरोबर, सर. हाच आपला पहिला तास. तिला काय कळलं, काय कळलं नाही, कुठं तिची कणव आड येते, कुठं तिची अधिकाऱ्याची खुर्ची दिसते, ते पानं दाखवून सांगा. दुसरा : सोलापूर तेव्हा इंग्रजी मुलूख, आपण निजामाचे; ती आपली माती नाही. हे तर आपल्या कामाचंच आहे, कारण कुंपणातली माणसं सरहद्द पाळून जन्मलेली नव्हती. त्यांचे नातलग आपल्याच कळंब-वाशीकडच्या गावाबाहेर उतरत होते, आजही असतात. चोरी झाली की पहिली गाडी कुठं जाते ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मातीचा आग्रह धरणाऱ्याला गावकुसाच्या आतली माती पुरते, तिथं माझं आणि तुमचं फाटतं.

आणि इथंच आपला नळदुर्गचा साहेब पुन्हा भेटतो. ‘तारा’च्या आधी, १८३९ साली, त्यानं ‘एका ठगाची जबानी’ सांगणारी कादंबरी लिहिली होती. अमीर अली नावाचा ठग आपल्या खुनांची कहाणी सांगतो, असं तिचं स्वरूप. विलायतेत तिच्यावर उड्या पडल्या. ‘ठग’ हा शब्द इंग्रजांच्या तोंडी रुळायला तिचा मोठा हातभार. काही माणसं रक्तातूनच गुन्हेगार असतात ही समजूत ठगांच्या बंदोबस्तात पक्की झाली आणि तीस-चाळीस वर्षांनी कायद्याच्या कलमात उतरली. म्हणजे एका कादंबरीनं ज्या समजुतीला खतपाणी घातलं, तिच्या कुंपणात शिरून शंभर वर्षांनी एका मराठी बाईनं दुसरी कादंबरी लिहिली. एक नळदुर्गच्या किल्ल्यात राहून गेलेला, दुसरी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये. याहून ‘आपली’ गोष्ट कोणती हवी?

तिसरा आक्षेप सर नाही, आमच्यातला एक तरुण सदस्य घेईल, आणि तो खरा भारी आहे : बाहेरच्या बाईनं लिहिलेलं का वाचायचं, आतल्या माणसानं लिहिलेलं असताना? लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आहे, १९८७चं. धनेगावचं, म्हणजे पुन्हा जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातलंच. त्याला माझं उत्तर एवढंच की ‘उचल्या’ आत्मकथन आहे आणि आपण कादंबरी निवडतोय. पण त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ‘बळी’नंतरच्या महिन्यात ‘उचल्या’ लावू. दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवू. मालतीबाईंना गायकवाड काय म्हणाले असते, हे त्या तरुणानं सांगावं. मला वाटतं तो मालतीबाईंच्या विरोधात जाईल. मी बहुधा त्यांच्या बाजूनं बोलेन. सर कुणाच्या बाजूनं जातील, हे मला खरोखर सांगता येत नाही, आणि म्हणूनच मला हे पुस्तक हवंय.

राहिला प्रतींचा प्रश्न, जो टिपणात नाही आणि खरं म्हणजे पहिल्या ओळीत असायला हवा होता. पुण्यात अप्पा बळवंत चौकात चक्कर मारली की काम होतं. इथं एक पुस्तक मागवायचं म्हणजे आठ दिवस, आणि जुनी कादंबरी असली तर ‘आवृत्ती संपली’ असा निरोप. बारा जणांना बारा प्रती मिळत नाहीत म्हणून आपण किती चांगली पुस्तकं सोडून दिली, मोजून बघा. ‘बळी’ची मला एक प्रत मिळाली आहे. एका वाचनालयाच्या मागच्या कपाटात, वरच्या फळीवर, पुठ्ठा निसटलेला, आतल्या कागदावर शिक्का आणि परतीच्या तारखांचा तक्ता. शेवटची तारीख वाचून हसू आलं; आमच्यातली सर्वांत धाकटी सदस्य तेव्हा जन्मलीही नव्हती.

एका प्रतीत भागतं, सर. आपल्याकडे श्रावणात पोथी लागायची तेव्हा गल्लीत पोथी एकच असायची. ‘पांडवप्रताप’ नाहीतर ‘नवनाथ’. एकजण वाचायचा, एकजण अर्थ सांगायचा, बाकीचे ऐकायचे. वाती वळता वळता, शेंगा फोडता फोडता. माझी आजी अक्षरओळख नसताना अख्खा ‘पांडवप्रताप’ सांगायची तो असाच कानानं वाचलेला. तेच करू. दर रविवारी दोन प्रकरणं, मोठ्यानं. फरक एवढाच ठेवू की मधेच थांबवून ‘हे मला पटलं नाही’ म्हणायची मुभा राहील. पोथीत ती नव्हती. तिथं मान डोलवायची असते आणि शेवटी प्रसाद असतो. कादंबरीत सरांना मान डोलवायची असेल तर त्यांनी जरूर डोलवावी. बाकीच्यांनी बघावं की ती कुठल्या वाक्याला डोलली.

पहिलं प्रकरण मी वाचीन. दुसरं सरांनी वाचावं. त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. फक्त चष्मा आणावा लागेल; त्या आवृत्तीचा टाइप बारीक आहे आणि काही पानांवर वाळवीनं ओळी खाल्ल्यात.